मुंबई-पुण्याहून वाईला बिऱ्हाड हलवताना: पॅकर्स-मूव्हर्स, टेम्पो की परतीची गाडी?

मोठं शहर सोडून वाईला राहायला जाणारे लोक घर निवडताना खूप चौकशी करतात. पाणी किती वेळ येतं, दवाखाना किती लांब, कृष्णेचा घाट चालत जाण्याजोगा आहे का, लोकमान्य टिळक ग्रंथसंग्रहालयात सभासद होता येईल का, सगळं विचारून घेतात. सामान नेण्याची सेवा मात्र इंटरनेटवर पहिला दिसेल त्या नंबरला फोन करून ठरवतात आणि तिथेच पैसे आणि सामान दोन्हींचं नुकसान होतं. शहरातल्या शहरात किंवा मुंबई-बंगळुरूसारख्या मार्गावर चोख असणारी सेवा वाईसारख्या गावाला चोख असेलच असं नाही. बहुतेक वेळा ती सुरूर फाट्यापर्यंत, म्हणजे महामार्ग सोडून वाईकडे वळायच्या ठिकाणापर्यंत, चांगली असते. अडचणी फाट्यापासून घराच्या दारापर्यंतच्या टप्प्यात येतात.

आमचा कौल आधीच सांगतो. एक-दोन बेडरूमच्या घराचं सामान असेल, तर पॅकिंग आणि चढवणी शहरातल्या माणसांकडून करून घ्यावी, गाडी वाई-पाचगणी भागातली परतीची, म्हणजे शहरात माल उतरवून रिकामी परत जाणारी, घ्यावी आणि उतरवणीला वाईचीच माणसं ठरवावीत. घरात मॉड्युलर कपाटं, मोठे काचेचे शोकेस, पियानो किंवा तीन-चार एसी असतील, तर पूर्ण सेवा देणारी कंपनी घ्यावी, पण खाली दिलेल्या अटी कोटेशनवर लिहून घेऊनच.

मुंबईहून वाई साधारण 240 किलोमीटर, पुण्याहून 90 च्या आसपास. महामार्गाने खंबाटकी घाट ओलांडायचा, सुरूरला डावी-उजवी बघत महामार्ग सोडायचा आणि पुढे दहा-बारा किलोमीटर. म्हणजे सकाळी भरलेली गाडी संध्याकाळी रिकामी होऊ शकते. एवढ्या अंतरासाठी माल मध्ये कुठेही उतरवायचं कारण नाही. कोणतीही सेवा तपासताना हाच पहिला निकष लावा.

पूर्ण सेवा देणाऱ्या कंपन्या

यांची जमेची बाजू पॅकिंग. दोन बेडरूमच्या घरासाठी चार-पाच माणसं येतात आणि पाच ते सात तासांत 40 ते 50 खोकी बांधून होतात. पलंग आणि कपाटं खोलणारा माणूस त्यांच्यातच असतो. चांगला गट ओळखायची खूण म्हणजे ते खोक्याचा तळ आधी दोन आडव्या-उभ्या पट्ट्यांनी टेप करतात, भांडी कागदात गुंडाळून उभी ठेवतात आणि प्रत्येक खोक्यावर नंबर, खोलीचं नाव आणि थोडक्यात यादी लिहितात. ताटं आणि काचेच्या डिश आडव्या रचणारा माणूस दिसला की त्याला तिथेच थांबवा. आडव्या रचलेल्या डिशवर वरच्या सगळ्यांचा भार येतो आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात तळातल्या दोन-तीन तडकतात. उभ्या डिशमध्ये प्रत्येकीवर फक्त स्वतःचं वजन असतं.

उणी बाजू गाडीची. वाईसाठी रोज गाडी भरेल इतकं सामान कंपनीकडे नसतं. म्हणून तुमचं सामान साताऱ्या-कोल्हापूरच्या इतर घरांबरोबर एकाच गाडीत भरतात, किंवा भिवंडी-चाकणसारख्या ठिकाणच्या गोदामात उतरवून दुसऱ्या गाडीत चढवतात. यालाच ते शेअर्ड लोड म्हणतात. दर कमी दिसतो, पण सामान दोनऐवजी चार वेळा हाताळलं जातं आणि दुसऱ्यांदा चढवणाऱ्यांना कोणत्या खोक्यात काच आहे याची कल्पना नसते. खोकी हरवतात तीही बहुतेक गोदामातच. कोटेशनवर ‘स्वतंत्र गाडी, मध्ये माल उतरवायचा नाही, निघाल्याच्या दिवशीच पोच’ एवढं लिहून मागा. लिहून द्यायला कंपनी कां-कूं करू लागली तर तिला सोडून द्या.

फोनवर सांगितलेला दर हा दर नसतो. घरी येऊन किंवा व्हिडिओ कॉलवर सामान पाहिलेलं असलं पाहिजे आणि यादी कोटेशनला जोडलेली असली पाहिजे. माळ्यावरची ट्रंक, गॅलरीतल्या कुंड्या, गच्चीवरची सायकल, देव्हारा, घरघंटी या वस्तू पाहणीच्या वेळी सुटतात आणि गाडी भरताना त्यांच्यावरून जादा पैसे मागितले जातात. अर्धं सामान गाडीत गेल्यावर तुमच्या हातात काही उरत नाही, आणि लबाड ठेकेदार नेमका तोच क्षण साधतो. पैशांची विभागणी अशी ठेवा: बुकिंगला दहा टक्के, गाडी भरून झाल्यावर निम्मे, उरलेले शेवटचं खोकं घरात आल्यावर. गाडी सुटण्याआधी शंभर टक्के मागणाऱ्याला काम देऊ नका.

जीएसटीचं एक कारण सांगून बरेच जण बिलच टाळतात. पॅकिंगसकट सगळं काम एका बिलात असेल तर बहुतेक कंपन्या 18 टक्के लावतात. ‘बिल नको असेल तर तेवढे वाचतील’ हे ऐकायला बरं वाटतं, पण बिल आणि बिल्टी (वाहतूकदाराने दिलेली मालाची पावती) हातात नसेल तर विमा आणि तक्रार दोन्ही बुडाले. कंपनीचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकून नाव आणि पत्ता जुळतो का ते पाहा. नामांकित कंपनीच्या नावात एखादं अक्षर इकडे-तिकडे करून धंदा करणारे बरेच आहेत. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल (मालवाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) लागत नाही, त्यामुळे त्या नावाखाली कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

विम्याकडे जरा बारकाईने बघायला हवं. जाहीर केलेल्या किमतीच्या दीड ते तीन टक्के घेऊन ‘ट्रान्झिट इन्शुरन्स’ लिहिलेलं असतं, पण अनेकदा ती मूव्हरची स्वतःची हमी असते. तिच्यामागे विमा कंपनी नसते. पॉलिसी क्रमांक असलेलं विमा कंपनीचं प्रमाणपत्र गाडी सुटण्याआधी मागा. त्यावर ‘आयटीसी-ए’ (आयटीसी म्हणजे देशांतर्गत मालवाहतुकीच्या विम्याच्या अटी) असेल तर संरक्षण सर्वांत व्यापक, ‘बी’ म्हणजे अपघात, गाडी उलटणं अशी ठरावीक कारणं, आणि ‘सी’ म्हणजे जवळपास फक्त आग. खोकं निसटून मिक्सर फुटला तर ‘बी’ आणि ‘सी’ उपयोगाचे नाहीत. तुम्ही स्वतः बांधलेल्या खोक्यातली मोडतोड बहुतेक पॉलिसींत धरत नाहीत. दागिने, रोकड, मूळ कागदपत्रं तर कुठेच धरत नाहीत. ती स्वतःच्या पिशवीत न्या.

ॲपवरचा टेम्पो

शहरात कपाट एका घरातून दुसऱ्या घरात न्यायला ही सेवा उत्तम. बाहेरगावी मात्र ड्रायव्हर परतीचे किलोमीटरही धरतो, म्हणजे मुंबईहून वाईला तुम्ही 480 किलोमीटरचे पैसे देता. चढ-उताराला तो हात लावत नाही. छोटा हत्ती किंवा पिकअपमध्ये एका बेडरूमचंही सगळं सामान मावत नाही आणि दोन फेऱ्यांचा खर्च मोठ्या एका गाडीपेक्षा जास्त होतो. पुण्याहून थोडंच सामान न्यायचं असेल तर विचार करावा, एरवी नाही.

परतीची गाडी

वाई, पाचगणी, महाबळेश्वर, भिलार भागातून स्ट्रॉबेरी, भाजीपाला, हळद घेऊन गाड्या वाशीच्या आणि पुण्यात गुलटेकडीच्या बाजारात येतात. पहाटे माल उतरतो आणि सकाळी गाडी रिकामी परत निघते. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत, स्ट्रॉबेरीच्या हंगामात, अशा गाड्या भरपूर असतात. ड्रायव्हरला तसंही घरी जायचंच असतं, म्हणून तो एकेरी भाड्यात, कधी त्याहूनही कमी पैशांत येतो. पैशांपेक्षाही मोठा फायदा असा की तो वाईचा असतो. मधली आळी कुठे, गंगापुरीत कोणत्या बाजूने शिरायचं, सिद्धनाथवाडीत गाडी कुठे वळवता येते, हे त्याला विचारावं लागत नाही.

गाडी शोधायला ॲपची गरज नाही. ज्यांच्याकडून घर घेतलं किंवा भाड्याने घेतलं त्यांना, नाहीतर त्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराला फोन करा. ‘आमचं सामान आणायचंय, कोणाची गाडी वाशीला जाते का?’ एवढं विचारलं की तासाभरात दोन-तीन नंबर येतात. या गावाची ही फार मोठी सोय आहे. ओळखीतून आलेला गाडीवाला ठरलेल्या भाड्यावर शेवटी वाद घालत नाही, कारण उद्या त्याच दुकानात त्याची आणि तुमची गाठ पडणार असते. शहरातल्या कॉल सेंटरकडून असा भरवसा मिळत नाही.

तरीही चार गोष्टी तपासा. नंबरप्लेट पिवळी हवी, म्हणजे गाडी व्यावसायिक आहे. खाजगी गाडीत भाड्याने सामान नेताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. फिटनेस, इन्शुरन्स आणि पीयूसीचे फोटो मागवून घ्या. भाजीची गाडी ओली असते आणि पानांचा वास असतो, म्हणून बॉडी धुऊन, वाळवून, खाली ताडपत्री किंवा जाड प्लास्टिक अंथरून आणायला आदल्या दिवशीच सांगा. ओल्या फळीवर ठेवलेली गादी तासाभरात पाणी ओढते. पावसाळ्यात उघड्या बॉडीची गाडी टाळा आणि बंद कंटेनर घ्या. मुंबईत गर्दीच्या वेळी अवजड गाड्यांना बंदी असते, त्यामुळे भरणी दुपारच्या मधल्या वेळेत बसवा आणि सोसायटीचं एनओसी, लिफ्टची परवानगी आधी काढून ठेवा. बऱ्याच सोसायट्या रविवारी शिफ्टिंग करू देत नाहीत.

आकाराचा अंदाज असा घ्या. 14 फुटी आयशर ट्रकची बॉडी 6 फूट रुंद आणि 6 फूट उंच धरली तर साधारण 500 घनफूट जागा मिळते. 18 इंची खोकं सव्वातीन-साडेतीन घनफूट जागा खातं, म्हणजे 45 खोकी दीडशे घनफुटांत बसतात. उरलेल्या साडेतीनशेत फ्रिज, वॉशिंग मशीन, दोन पलंग, दोन कपाटं, सोफा आणि गाद्या बसतात. दोन बेडरूमला 14 फुटी पुरते, तीनला 17 फुटी लागते. दोन-तीन फूट जास्त असले तर चालतात, कमी असले तर गाद्या टपावर जातात.

पुस्तकं, फ्रिज, पलंग

वाईत विश्वकोशाचं कार्यालय आहे, प्राज्ञपाठशाळेची परंपरा आहे. तिथे राहायला जाणाऱ्यांच्या घरात पुस्तकं बरीच असतात आणि शिफ्टिंगमध्ये सर्वांत जास्त फसगत पुस्तकांचीच होते. 18 इंची खोक्यात पुस्तकं गच्च भरली तर वजन 50 किलोच्या आसपास जातं. असं खोकं उचलताना तळ फाटतो किंवा हमालाची कंबर जाते. तो बिचारा ते आपटूनच खाली ठेवतो आणि आतल्या पुस्तकांच्या बांधण्या सुटतात. 12 इंची खोकं घ्या, पाच थरांच्या पुठ्ठ्याचं. ते पंधरा-सोळा किलोचं होतं आणि एक माणूस जिन्यावरून सहज नेतो. पुस्तकं आडवी किंवा कण्यावर उभी ठेवा, उघडणारी कड खाली करू नका, नाहीतर पानांच्या वजनाने कणा ओढला जातो. वर रिकामी जागा राहिली तर वर्तमानपत्राचे बोळे भरा. कारण अर्धवट भरलेलं खोकं खाली गेलं की चेपतं. गाडीत पुस्तकांची खोकी सर्वांत खाली, केबिनच्या बाजूला ठेवा.

फ्रिज चोवीस तास आधी बंद करून, बर्फ वितळवून, दार उघडं ठेवून वाळवा. गाडीत तो उभाच गेला पाहिजे. आडवा केला की कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत शिरतं. वाईला पोचल्यावर चार ते सहा तास तसाच उभा ठेवून मग चालू करा, आडवा आला असेल तर पूर्ण दिवस थांबा. फ्रंट लोड वॉशिंग मशीनचे ट्रान्झिट बोल्ट बहुतेकांनी फेकून दिलेले असतात. ते नसतील तर ड्रम हादऱ्यांनी आतल्या आत आपटतो आणि शॉकॲब्सॉर्बर जातात. सर्व्हिस सेंटरमधून बोल्ट आधी मिळवा. एसी काढताना गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून व्हॉल्व्ह बंद करायला लावा आणि तांब्याच्या नळीची तोंडं टेपने बंद करा. एसी काढणं-बसवणं कोटेशनमध्ये नसतं, वेगळं विचारा. इन्व्हर्टरची बॅटरी उभी, दोन्ही टर्मिनल सोडवून, इतर सामानापासून दूर ठेवा. भरलेला गॅस सिलिंडर गाडीत ठेवू नका. तो रेग्युलेटरसकट एजन्सीत जमा करून ट्रान्सफरचे कागद घ्या.

पार्टिकल बोर्डचा पलंग खोलायचा असेल तर एकदा विचार करा. एकदा काढलेला स्क्रू त्याच भोकात पुन्हा तितका घट्ट बसत नाही, भुसा सुटतो. सागवानी किंवा प्लायचा पलंग मात्र खोलून नेण्यात काही धोका नाही. खोलणाऱ्याला स्क्रू, क्लिप, मिनिफिक्स एका छोट्या पिशवीत घालून त्याच पलंगाच्या फळीला टेपने चिकटवायला लावा. उतरवणीला दुसरी माणसं येणार असल्याने हे न चुकता करायचं. प्रत्येक जोडणीच्या दोन्ही बाजूंना खडूने किंवा पेन्सिलने ‘1-1’, ‘2-2’ असे आकडे घाला आणि खोलण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. एवढं असेल तर वाईतला कोणताही सुतार अर्ध्या दिवसात सगळं जोडून देतो.

लोणच्याच्या बरण्यांचं तोंड प्लास्टिक आणि सुतळीने बांधूनही तेल झिरपतं. त्या कारमध्ये पायांशी ठेवून न्या. टीव्ही आणि आरसे गाडीत मागच्या चाकांच्या पुढे ठेवा. मागच्या टोकाला हिसके सर्वांत जास्त बसतात, तिथे गाद्या आणि कपड्यांची गाठोडी ठेवा. शेवटी चढवलेलं सर्वांत आधी उतरतं, म्हणून शेगडी, बादल्या, अंथरुणं, स्क्रूड्रायव्हर, एक्स्टेंशन बोर्ड आणि चहाचं सामान शेवटी चढवा.

वाईतला शेवटचा टप्पा

नव्या वसाहतींत 17 फुटी गाडी दारात येते. जुन्या आळ्यांत येत नाही. ‘डोअर-टू-डोअर’चा कंपनीच्या कागदावरचा अर्थ गाडी पोचते तिथपर्यंत, एवढाच. तिथून छोट्या हत्तीत सामान भरून घरापर्यंत न्यायचा खर्च कोणाचा, हे आधी लिहून घ्या. जुन्या वाड्यात माडीवर राहणार असाल तर तीन मापं घ्या: दाराची रुंदी, जिन्याची रुंदी आणि जिन्याच्या वळणावरची डोक्याची उंची. अडीच फुटी जिन्यावरून तीन सीटचा सोफा वळत नाही आणि दोन दारांचा मोठा फ्रिज चढत नाही. फ्रिजची दारं काढता येतात, सोफ्याचं काही करता येत नाही. त्यापेक्षा तो शहरातच विकून वाईत किंवा साताऱ्यात नवा घेणं स्वस्त पडतं.

शनिवार-रविवार टाळा, कारण महाबळेश्वर-पाचगणीला जाणारी सगळी गर्दी सुरूरहून वाईतूनच पसरणी घाटाकडे जाते. मे महिना आणि दिवाळीनंतरचा आठवडा तर नकोच. पौष पौर्णिमेला मांढरदेवच्या काळूबाईची यात्रा असते. त्या दिवसांत जड गाडी घेऊन या भागात येऊ नये. मंगळवार-बुधवार सर्वांत सोयीचे.

उतरवणीला तीन-चार माणसं पुरतात. स्थानिक हमालांची वाराई, म्हणजे उतरवणीची मजुरी, आधी ठरवा, खोक्यावर नको, पूर्ण गाडीवर ठरवा. शिवाय शेजारी न बोलावता मदतीला येतात. गाडी गल्लीत शिरली की लोक आपली दुचाकी बाजूला घेतात, कोणी पाण्याचा हंडा आणून ठेवतं, कोणी प्लंबरला फोन लावतं. ही मदत मोकळ्या मनाने घ्या, पण जड सामान शेजाऱ्यांना उचलायला लावू नका. ते काम पैसे देऊन हमालांकडूनच करून घ्यायचं. मोठ्या कंपनीच्या एसीचा मेकॅनिक साताऱ्याहून येतो, त्याला दोन-तीन दिवस लागतात. गिझर, पंखे, नळ यांची माणसं गावातच त्याच दिवशी मिळतात.

तुमच्या स्वतःच्या कार-दुचाकी तुमच्याच नावावर आणि महाराष्ट्रात नोंदलेल्या असतील तर नंबर बदलत नाही. साताऱ्याच्या एमएच-11 ची गरज नाही, फक्त आरसीवरचा पत्ता 30 दिवसांत बदलायचा असतो.

काही मोडलं तर

बिल्टीवर सही करण्याआधी खोक्यांचे नंबर यादीशी जुळवा आणि चेपलेलं, भिजलेलं, हरवलेलं जे दिसेल ते त्याच कागदावर लिहून ड्रायव्हरची सही घ्या. ‘माल ठीक मिळाला’ अशी सही झाल्यावर पुढचं सगळं अवघड होतं. 2007 च्या रस्ते मालवाहतूक कायद्यानुसार वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित असते. सामानाची किंमत त्याहून जास्त असेल तर ती बुकिंगच्या वेळी लेखी जाहीर करावी लागते. दावा करायचा असेल तर बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत लेखी नोटीस गेली पाहिजे. ‘मालकाच्या जोखमीवर’ असा शिक्का बिल्टीवर असेल तर आधीच हरकत घ्या. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर आधी तक्रार नोंदवा. त्याने काम झालं नाही तर ग्राहक आयोगात जाता येतं. 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे मुंबईच्या कंपनीविरुद्धही साताऱ्यात. मुदत दोन वर्षांची आहे आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही.